केस पेपरवरचा आकडा

“त्या बाईंना बाजूला करा. तिथं कोणी नीट बोलणारं माणूस नाही का?”

टीव्हीतून आवाज आला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तिथूनच, कॅमेऱ्यावरून पेशंट बघत होते. त्या बाई म्हणजे मी. वर्धा जिल्ह्यात, रोहण्याच्या पुढच्या एका गावात, सरकारी दवाखान्यातली नर्स. तेरा वर्षांची नोकरी. चूक एवढीच, की ‘पायावर सूज आहे’ म्हणायच्या जागी मी ‘पायाले सूज आली’ म्हणाले.

दवाखान्यातले कारकून बाबू हसले. खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बीपीचं यंत्र माझ्याच हातात होतं.

हे बाबू गावातल्या दुकानदाराच्या घरातले. त्यांच्या घरची दोन बाळंतपणं मी केली होती. तेव्हा माझे हात चालले. पण माझ्या हातचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. आम्ही बौद्ध. सगळ्या गावाला ते माहीत होतं, आणि ते माहीत आहे हे मला माहीत होतं.

दोन हजार सालानंतरचे दिवस. आमच्याकडे डॉक्टरची जागा कितीतरी दिवस रिकामी होती. मग एक दिवस छतावर डिशची मोठी छत्री बसली. आत टीव्ही, कॅमेरा आला. हार, नारळ, भाषण झालं. वर्ध्याहून साहेब आले होते. मी धीर करून विचारलं, “साहेब, डॉक्टर कधी येतील?”

“अहो, आता डॉक्टरच डॉक्टर! बटण दाबा की हजर.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माणूस मागितला, चित्र दिलं. चित्राचं काही चुकलं तर धरायचं कोणाला? हा प्रश्न त्याच दिवशी माझ्या डोक्यात बसला.

आणि आज समोर सुनंदा बसली होती. कापूस वेचायला जाणारी पोरगी, पहिलटकरीण, आठवा महिना. डोकं दुखत होतं. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मी बीपी घेतलं. एकशे साठ, एकशे दहा. पुन्हा घेतलं. तेवढंच.

बाबू टीव्हीला म्हणाले, “सर, थोडं डोकं दुखतंय म्हणते.”

“बाकी ठीक? ताप नाही? मग गोळी द्या. आराम करू दे. पुढच्या मंगळवारी दाखवा.”

मी मागून बोलले, “सर, बीपी लई जास्त...”

“सिस्टर, तुम्हाला विचारलं का? आमच्याकडे अजून चार गावं लाइनीत आहेत.”

चित्र गेलं. पडदा निळा झाला.

मी सुनंदाला बाहेर गाठलं. सासू सोबत होती. म्हटलं, “मावशी, हिले आजच वर्ध्याले न्या. घरी ठेवू नोका.”

सासूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढा मोठा डॉक्टर टीव्हीवर बोलला. घरी जा म्हणे. तू काऊन भेव दाखवून राह्यली?”

माझ्याकडे उत्तर होतं. पण मी तिथंच थांबले. बाबू दारात उभे होते, ऐकत होते. आधी मी सांगायचे आणि बाया ऐकायच्या. तेरा वर्षांचा तो विश्वास त्या पडद्यानं पाच मिनिटांत काढून घेतला. मी आरडाओरडा करायला पाहिजे होता. जीप बोलवायला पाहिजे होती. मी केलं नाही. हे मी कोणापासून लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला झटके आले. मीच सोबत गेले. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडातून फेस. आर्वी रोडवर प्रत्येक खड्ड्याला सासू म्हणत होती, “बाई, वाचव व माय.” वर्ध्याला पोचलो. सुनंदा वाचली. पोटातलं लेकरू गेलं होतं. मुलगी होती.

आठ दिवसांनी वर्ध्याच्या साहेबांनी मला बोलावलं. केबिनमध्ये खुर्ची दिली. चहा मागवला, कपबशीतून. “या सिस्टर, बसा.” मला तिथंच वास आला. माझ्यासारखीला साहेब चहा पाजतात तेव्हा कपाच्या शेजारी काहीतरी कागद असतो.

होताच. सुनंदाचा केस पेपर. बीपीच्या रकान्यात लिहिलं होतं, एकशे वीस, ऐंशी. अक्षर बाबूंचं. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा कोरी.

“एवढी सही करून टाका,” साहेब म्हणाले. “नवीन योजना आहे. उगाच बोंब होईल. त्या डॉक्टरांचंही नाव खराब होईल.”

“आणि सुनंदाचं लेकरू?”

“तिच्या नशिबात नव्हतं. तुम्ही तरी काय करणार?”

चहावर साय धरत होती. मी कप बाजूला सारला. पेन घेतलं. साहेबांना वाटलं, झालं काम. मी बाबूंच्या आकड्यावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: एकशे साठ, एकशे दहा. दोनदा मोजलं. डॉक्टरांना सांगू दिलं नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं. सही केली. तारीख टाकली.

साहेबांचा आवाज बदलला. “सिस्टर, सरकारी कागद आहे हा. बदली कुठं होईल, माहीत आहे ना?”

“करा. पण हा आकडा मी घेतला होता, म्हणून हाच राहील.”

बदली झाली. हिंगणघाटकडे, अल्लीपूरहून पुढं, एसटी दिवसातून एकदाच येते अशा गावात. बाबूंना काही झालं नाही. टीव्हीतल्या डॉक्टरांना कोणी काही विचारलं असेल, असं मला वाटत नाही. त्या केस पेपरचं पुढं काय केलं, ते मला आजवर कळलेलं नाही. फाडलाही असेल.

म्हणून आता मी एका कागदावर भरवसा ठेवत नाही. बाईचं बीपी घेतलं की आकडा दवाखान्याच्या कागदावर लिहिते आणि तिच्या हातातल्या चिठ्ठीवरही लिहिते. वाचता येत नसेल तर पाठ करून घेते. एकशे चाळीस, नव्वदच्या वर गेलं की धोका, हे प्रत्येकीला तोंडी म्हणायला लावते. नव्या साहेबांना ते आवडत नाही. म्हणतात, बायांना भडकवता. हो, भडकवते. प्रत्येकीला सांगते, “पोट तुह्यं हाय. टीव्हीवरच्या डॉक्टरले विचार, साहेबाले विचार, मलेही विचार. जबाब भेटल्याबिगर घरी जाऊ नोको.”