परशाअण्णा आणि उड्या मारणारी चिनी भुतं

आज सकाळी परशाअण्णा गेला, आणि मला रडू यायच्या आधी चिनी भुतं आठवली.

परशाअण्णा म्हणजे माझा मावसभाऊ. मूळचा बेळगुंदीचा, राहायला अनगोळात. बॉडीची गाडी चालवायचा.
पुणे, मुंबई, गोवा, कुठंही आपल्या भागातलं माणूस वारलं की पहिला फोन अण्णाला.

आणि हा माणूस हॉस्पिटलच्या मागच्या गेटाला ताटकळत मोबाईलवर काय बघायचा?
चिनी व्हॅम्पायरचे पिक्चर.

लहानपणी गणपतीत मंडळानं व्हीसीआर आणलेला, त्यात पहिला बघितला. हिंदीत डब केलेला.
निळा झगा, डोक्यावर टोपी, हात समोर ताठ. पाय जोडून उड्या मारत येणारं मढं. कपाळावर पिवळा कागद चिकटवलाय तोवर शांत. कागद उडाला की उठलंच. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, ते श्वासावरून माणूस शोधतं. श्वास धरलात तर वाचलात.

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा कपाळाला पतंगाचा कागद लावून उड्या मारत होती.
आमची हौस लगेच फिटली. अण्णाची कधीच फिटणार नाही, असं मला वाटायचं.

एकदा विचारलं, "अण्णा, दिवसभर मढी वाहतोस आणि परत हेच बघतोस? भ्या वाटत नाही?"

"तुला कळलंच न्हाय ते, सुमे. ती चावायला निघालेली नसत्यात. परमुलखात मेलेली माणसं ती. मांत्रिक घंटा वाजवत त्यास्नी आपापल्या गावाकडं न्हेतोय. पाय बांधल्यालं, चालता येत न्हाय, म्हणून उड्या."
मग हसला. "मी तेच करतोय की. फकस्त डिझेलवर."

गाडी चालवताना मागच्या माणसाशी बोलायचा. "कागल गेलं बघा काका. ही कोगनोळी. आता आपलाच भाग."

मग लॉकडाऊन आला.

माझी मावशी, म्हणजे अण्णाची आई, कोल्हापूरला लेकीकडं अडकली होती. तिथंच हार्ट अटॅकनं गेली.
अण्णा आदल्याच दिवशी कुणाची तरी बॉडी घेऊन महाराष्ट्रात आलेला. तसाच तिकडं पोचला.
आईला त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवलं. कुणाला हात लावू दिला नाही.
सोबत एकालाच जाता येणार होतं. आक्काचं, म्हणजे अण्णाच्या बहिणीचं, बाळ तान्हं, म्हणून मी बसले. मीही नोकरीमुळं तिथंच अडकलेले.

कोगनोळीला, राज्याच्या हद्दीवर, बॅरिकेड. पुढं ट्रकच ट्रक.
आत जायचा पास अजून आला नव्हता. मास्क लावलेला पोलीस खिडकीशी आला, मागं कोण आहे ते विचारलं, टोपी काढली.
"आगंगिल्ल री," म्हणाला. मग मराठीत, हळू, "होणार नाही हो. वरनं ऑर्डर आहे."

आम्ही फोन लावत बसलो. ऊन चढत गेलं. मग फोन लावायलाही कुणी उरलं नाही.

आणि मागून आवाज आला.

ठक्.

आमच्या आणि मावशीच्या मधे एक पत्रा होता. त्या पत्र्यावर.

ठक्. ठक्.

मी श्वास धरला. खरंच धरला.
शेजारी बघितलं, तर अण्णानंही धरला होता.

तो उतरला. मी म्हणाले, "नको रं अण्णा."
मागचं दार उघडलं. मग काहीच ऐकू येईना. हाक मारली, ओ नाही. शेवटी मी उतरून मागं गेले.

बर्फाची लादी वितळून तुटत होती. तिचे तुकडे त्या मधल्या पत्र्यावर आपटत होते.
अण्णा आईच्या पायाशी बसला होता.

"बर्फ हाय," म्हणाला. "नुसता बर्फ."
मग म्हणाला, "मला वाटलं उठली. उठून चावली असती तरी चाललं असतं गं मला."

ते पिक्चर तो का बघायचा, ते मला तिथं कळलं.
त्यात मढं निदान उठतं; आपल्यातलं गेलेलं माणूस उठत नाही. चावायलासुद्धा नाही.

पास आला नाही. बर्फ संपत आला, तशी गाडी मागं फिरवली. अलीकडच्याच एका गावात, अनोळखी माणसांनी दिलेल्या लाकडांवर मावशीला अग्नी दिला.
अण्णा तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

गाडी त्यानं चालूच ठेवली. पिक्चर बंद.
मग सांगायला लागला, रिकामी गाडी आणताना मागनं ठोकतंय म्हणून.
मेकॅनिकनं सगळं खोलून बघितलं. काही नाही.
तरी अण्णा रस्त्याकडेला थांबायचा, मागचं दार उघडायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि परत लावायचा.

वहिनी मागं लागली, गाडी विका म्हणून.
"इकली तर आई कुठं ठोकंल?" म्हणाला.

परवा त्याचा फोन आला.
"सुमे, काल दुपारचं घरात झोपलोतो. तरी ठोकलं. घराच्या दारावर."
"कोण होतं?"
"उघडलं न्हाय. पयल्यांदाच उघडलं न्हाय बघ."
मी म्हटलं, अण्णा, डॉक्टरला दाखव.
"व्हय. सोमवारी जातो."

आज सकाळी चहा पिता पिता त्यानं कप खाली ठेवला. दाराकडं बघितलं.
वहिनी सांगते, दारात कुणी नव्हतं.
"आलो," म्हणाला, आणि तिथंच कलंडला.

अनगोळच्या स्मशानात दुपारी चारला आहे. गाडी दारातच उभी आहे, पण वहिनीनं तिला हात लावू दिला नाही. खांद्यावरनं न्यायचं ठरलंय. अंतर बरंच आहे. जमेल त्यांनी खांदा द्यायला या.
मी निघालेय.

अण्णा, सावकाश जा.
तुझ्या सुमीचा शेवटचा नमस्कार.