विठाबाईंच्या पाठीचा टेकू
१८ नोव्हेंबर २०२३ रोजी चामटोलीच्या धर्मराज भोपींनी दोन लाख सहा हजार चारशे रुपये मोजून क्रूझर मोटारसायकल आणली. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षे फिटरकी केलेल्या या माणसाला एकच हौस होती : बायकोला, विठाबाईंना, मागे बसवून मिरवायचे. विठाबाईंची अट होती, "पाठीला टेकू असंल तरच बसेन, नायतर तुम्ही गाडीवर, मी रिक्षात."

धर्मराजनी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या लछमनदास सीटवाल्याकडून जाड गादी आणि मागे चकचकीत टेकू बसवून घेतला. विठाबाई मात्र नेहमीसारख्या एकीकडे पाय सोडून बसल्या. टेकू दंडाला टोचू लागला आणि पाठ उघडीच राहिली.

"पंचवीस वर्षं संसार केला, माझी पाठ कुठल्या बाजूला असते ते ठाऊक नाय?" विठाबाई उतरत म्हणाल्या.

धर्मराज गाडी घेऊन परत दुकानात गेले. लछमनदास म्हणाला, "भाभी साइड में बैठती है, ये पहले बोलना था ना, भाऊ." त्याने टेकू कापून सीटच्या उजव्या कडेला वेल्डिंगने जोडला.

आता विठाबाई सोफ्यावर बसावे तशा बसतात. धर्मराजना मात्र मागून टांग टाकता येत नाही. ते पेट्रोलच्या टाकीवर पोट टेकून, सरपटत चढतात. शेजारी बघायला जमतात.

"सावकाश चढा," विठाबाई सांगतात, "मला घाई नाय."

दुसऱ्या वेल्डिंगचे साडेतीनशे रुपये लछमनदासला अजून द्यायचे आहेत.