हात ढिला सोड

चाचांनी माणसाचं तोंड कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. दुकानात कोणी चढलं की त्यांची नजर सरळ हातावर जायची. माझी आई भर बाजारात समोर उभी राहिली तरी ते ओळख दाखवत नसत. तिने नमस्काराला हात जोडले की मग बांगडीच्या मापावरून ओळखून एकदम हसायचे, "अरे, सव्वादोनवाली बाई! कशा हा?" आईला त्याचा राग यायचा. इतकी वर्षं बांगड्या भरतो आणि नाव म्हणून लक्षात ठेवत नाही, म्हणायची. पण सणाला दुसऱ्या दुकानात काही जायची नाही.

ब्रह्मपुरीच्या बाजारात त्यांचं ते बांगड्यांचं दुकान. घराणं मणियारांचं, बाप-आजाही हेच करणारे. दुपारपर्यंत दुकान, नंतर मोपेडच्या मागे पेटी बांधून वैनगंगेच्या बाजूच्या गावांत फेरी. बांगडी चढवताना बाई हात आवळून धरते, दुखेल म्हणून. चाचा मग अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबायचे आणि म्हणायचे, "हात ढिला सोड. बाकी माह्यावर सोड." बोलेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. हे वाक्य ते सगळ्यांना एकेरीत म्हणत. एरवी बायाबापड्यांना अहोजाहो करणारा हा माणूस, पण एकदा हात हातात आला की तहसीलदारीणबाई असो की धुणंवाली, "ढिला सोड"च. कोणी वाईट वाटून घेतलं नाही. भरून झालं की बाया वाकून नमस्कार करायच्या आणि चाचा मान वळवून "सलामत रहा, सलामत रहा" म्हणत पुढच्या हाताकडे वळायचे.

मी त्यांच्याबरोबर काम केलं ते मात्र बांगड्यांचं नव्हे. कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी बसले होते, तेव्हा पुण्याच्या एका छोट्या कंपनीने आमच्या बाजारात खोली भाड्याने घेतली. फोन उघडायला आपण ज्यावर बोट टेकवतो, तो सेन्सर ही कंपनी बनवत होती. नेहमीचे सेन्सर कातडीवरच्या रेषा वाचतात. धानाच्या रोवणीत, बांबूत, विटाभट्टीत ज्यांच्या रेषा झिजून गेल्या, त्यांचं बोट त्या सेन्सरला दगडासारखंच. ह्यांचा सेन्सर कातडीच्या खालचं वाचायचा. त्याला शिकवायला झिजलेली बोटं हवी होती, खूप हवी होती, आणि आमच्याकडे त्यांना काय तोटा! मला नेमलं. हुद्दा फील्ड को-ऑर्डिनेटर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं माझ्या भावाने लगेच ऐकवलं.

पहिल्या गावात मला एकही बोट मिळालं नाही. बाया पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या, आणि यंत्र पिशवीतून काढलं की हात पदराखाली. एक म्हातारी स्वच्छ म्हणाली, "अंगठा देल्ला का काई नं काई जातेच, बाई. आमी पाह्यलं हाय." मी यंत्र परत पिशवीत ठेवलं. पुण्याहून आलेले इंजिनिअर बिचारे हिंदीत "आंटी, प्लीज" म्हणत फिरत होते.

चाचा आमच्या खोलीत आले ते निव्वळ चौकशीला. बाजारात नवीन पाटी लागली की आत डोकावून यायचं हा त्यांचा शिरस्ता. काचेने चिरून चिरून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. स्वतःचा फोन कधी बोटाने उघडला नव्हता. मी गंमत म्हणून यंत्र पुढे केलं. त्यांनी बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं, आणि हिरवा दिवा लागला. चाचांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा दिवा. मग उजव्या हाताची, डाव्या हाताची, सगळी बोटं एकेक करून लावत बसले. "बेटी," ते म्हणाले, "आयुष्यात पह्यल्यांदा मशीननं मले वळखलं."

दुसऱ्याच दिवशी ते आमच्याबरोबर निघाले, पण त्यांच्या पद्धतीने. आधी पेटी उघडायची, बांगड्या भरायच्या, आणि हात हातात आहे तोवरच बोट यंत्रावर. "हात ढिला सोड. बाकी माह्यावर सोड." इतकंच. ज्या गावाने मला चहावर परत पाठवलं होतं, त्या गावात संध्याकाळपर्यंत रांग लागली. कोरडी बोटं, चिखलाची बोटं, हळदीची, मोहाच्या चिकाची. सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, ओल्या बोटांचे नमुने हवे होते, तर बाया रोवणीतून तशाच बांधावर यायच्या आणि हात पुढे करायच्या.

त्यांतली यशोदाबाई मला जास्त आठवते, कारण प्रश्न विचारणारी तीच. तिचा पोरगा हैदराबादेकडे कामाला. त्याने आईला फोन घेऊन दिला, तिचं बोट काही लागेना, म्हणून शेजारच्या पोरीचं लावून गेला. आता पोराशी बोलायचं तर आधी ती पोरगी शोधायची. "फोन माहा, बोट तिचं," यशोदाबाई म्हणायची. "ते शाळेत गेली का माहा पोरगा बी शाळेत गेला." बोट देताना तिने चाचांना विचारलं, "हे बोट जाईन कुठी?"

"कुठी नाई जात. आमच्या कंपनीपाशीच राह्यते. आन हे बोट वळखनारा सस्ता फोन आला का पह्यला तुमच्या गावात."

"तुमी सांगता म्हून देते हो, चाचा."

चाचांनी हे आपल्या मनाने सांगितलं नव्हतं. सर ब्रह्मपुरीला आले होते तेव्हा त्यांना समोर बसवून विचारून घेतलं होतं. सरांनीही चाचांच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, की फोन स्वस्तच काढायचा आहे आणि नमुने आपल्या बाहेर कुठेही जाणार नाहीत. सर तेव्हा खोटं बोलत नव्हते, असं मला अजूनही वाटतं.

मग एका दुपारी सगळ्यांना फोनवर मीटिंगला बोलावलं. पुण्याच्या ऑफिसात केक होता. सर म्हणाले, परदेशातल्या एका फार मोठ्या कंपनीने आपल्याला विकत घेतलं आहे, आपण आता एका मोठ्या कुटुंबाचा भाग झालो. टाळ्या झाल्या. मीही ब्रह्मपुरीच्या खोलीत एकटीने टाळ्या वाजवल्या. काही दिवसांनी नव्या नावाची एक बॅग आणि पाण्याची बाटली आली, आणि तिच्यामागून आमची खोली बंद करत असल्याचा निरोप. कुरिअरवाला यंत्रं खोक्यात भरून घेऊन गेला. मला वाईट वाटलं का, असं नंतर घरच्यांनी विचारलं. खरं सांगते, काही वाटलं नाही. बाटली चांगली होती, पाणी गार राहायचं.

चाचांनी सरांना फोन लावला. मी शेजारीच होते. चाचा म्हणाले, "साहेब, बायांचे बोटं वापस द्या. आता कंपनी तुमची नाई राह्यली." सर नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "चाचा, बाहेर कुठे गेलेत? आपण सगळेच तिकडे गेलो ना." चाचांना हे समजायला वेळ लागला. मग त्यांनी "जी" म्हटलं आणि फोन ठेवला.

स्वस्त फोन आला नाही. वर्ष उलटलं आणि महाग फोन आला. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानावर त्याचं मोठं पोस्टर लागलं. निळ्या पाण्याच्या तलावाकाठी एक गोरी बाई, तिच्या बोटांवरून पाणी ठिपकतंय आणि फोन उघडलेला. खाली लिहिलेलं, ओल्या हातांनाही ओळखतो. चाचा त्या पोस्टरखाली किती वेळ उभे होते कोण जाणे. मी तिकडून जात होते, मला हाक मारली.

"हे यशोदाबाईचं बोट हाय," ते म्हणाले.

मग दुकानात शिरले. दुकानदार ओळखीचा, त्याने फोन दाखवला. चाचांनी आपलं चिरलेलं बोट लावून घेतलं, फोन बंद केला, पुन्हा टेकवलं. लगेच उघडला. आमच्या यंत्राला दोनदा लागायचं, ह्याला एकदाच. त्यांनी किंमत विचारली नाही. फोन कापडाने पुसून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "चालते. लय चांगलं चालते."

चाचा यशोदाबाईला सांगायला निघाले. जायलाच हवं का, असं मी विचारलं. तिला काय कळणार आहे, असंही बोलून गेले. चाचांनी पेटी मोपेडला बांधली. मी मागे बसले.

यशोदाबाईच्या अंगणात त्या दिवशी बायका जमल्याच होत्या, नवीन सून आली होती म्हणून. चाचांनी पेटी उघडायच्या आधी सगळं सांगितलं. कंपनी विकली. बोटं तिकडे गेली. फोन निघाला, पण तो आपल्यासाठी नाही. "मी सांगतलं होतं कुठी जाणार नाई म्हून. गेले," म्हणाले. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. यशोदाबाई हसली. "जाऊ द्या नं, चाचा. बोट तं माह्या हातालेच हाय. तुमी कायले तोंड पाडून राह्यले? भरा आमच्या सूनबाईले."

चाचांनी पेटी उघडली आणि नवीन सुनेपुढे हात केला. "हात ढिला..." म्हणत होते. सुनेने हात पुढे केला नाही. आधी सासूकडे पाहिलं. देऊ का, एवढंच त्या डोळ्यांत होतं. यशोदाबाईने मान हलवली आणि मग हात आला.

चाचांच्या उभ्या आयुष्यात त्यांना हात देताना बाईने दुसऱ्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला बांगड्या भरल्या, एकही फुटू दिली नाही.  

त्यानंतर ते गावांत गेले नाहीत. दुकान चालू आहे. आता तिथे मापाचे डबे लावलेत, दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, प्लास्टिकात बंद. बाई आली की विचारतात, "माप?" आणि डबा पुढे सरकवतात. कोणी सवयीने हात पुढे केलाच तर गल्ल्यात काहीतरी शोधायला लागतात. तोंडाकडे मात्र आता बघतात.

गेल्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. आई मला घेऊन हिरवा चुडा भरायला गेली. लहानपणापासून ऐकत आले होते, पोरीचा चुडा चाचाच भरतील. मी फळीवर बसून दोन्ही हात पुढे केले. चाचांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना माझं माप माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"माप?" त्यांनी विचारलं.

आई काही बोलायला गेली, मी तिला थांबवलं. म्हणाले, दोन-चार. चाचांनी डबा कागदात गुंडाळला, वर दोन बांगड्या जास्तीच्या टाकल्या. "सलामत रहा, बेटी," म्हणाले.

घरी आईने हाताला साबण लावला आणि चढवायला घेतल्या. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडकली आणि फुटली. लग्नाचा चुडा, म्हणून आई 'फुटली' म्हणेना. 'वाढवली', म्हणाली, आणि दुसरी घेतली. माझं मनगट धरून तिने तीच जागा दाबायचा प्रयत्न केला.

"हात ढिला सोड गं," ती म्हणाली.

मी सोडत होते. हात सुटत नव्हता.