मॅडमची पुस्तकं आणि कडू कंद

आमच्या खर्डीत शेजारच्या खोलीत कॉलेजच्या मॅडम राहतात. शहापूरला शिकवतात. बोलता बोलता ओढणीनं चष्मा पुसतात आन् दर वाक्याला "हो की नाही, आजी?" म्हनतात.

एकदा माझ्या ओटीवर पुस्तकं मांडून बसल्या. पोरांना वरीसभर भुकेवरचीच पुस्तकं शिकवायची होती. पापड वाळत घातल्यागत त्यांची उलथापालथ चालली होती. सगळ्यात आवडतं मधोमध ठेवलं, त्यातलं मला वाचून दाखवलं. दुष्काळात एक बाई कडू कंद खणते, उकडते आन् लगेच पोरांना वाढते.

"खोटं हाय, बाय," मी म्हनले. "उकडून रातभर ओढ्याच्या धारेत ठेवायचा, तवा कडू उतरतो. नायतर ईखच. माझ्या धाकट्या पोरीनं दम नाय धरला, तसाच खाल्ला. गेली."

मॅडमनी चष्मा नाय पुसला. पुस्तकबी नाय हलवलं. "हे शिकवीन, पण आधी तुमचं सांगेन," म्हनल्या. या खेपेला 'हो की नाही' नाय विचारलं. विचारलं ते येगळंच.

"नाव काय होतं तिचं?"

इतक्या वर्सांत कोनी विचारलं नव्हतं.

"सोनी," मी म्हनले.