इथे नाहीला नाही म्हणतात
सुक्या बोंबलांचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. उत्तनच्या एका कोळीण मावशींजवळ, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली बसून, मी त्यांची बोली टिपून घेतली होती. मग कुणालाही लिहिता येणाऱ्या ऑनलाइन मराठी ज्ञानकोशात लेख टाकला: ‘इथे नाहीला न्हाय म्हणतात.’ दुसऱ्या दिवशी कौतुकाने मावशींना मोबाइलवर वाचून दाखवायला गेले, तर शुद्धलेखन सुधारणाऱ्या बॉटने आपोआप करून ठेवलं होतं, ‘इथे नाहीला नाही म्हणतात.’ बॉट चालवणाऱ्याला जाब विचारला. त्याचं उत्तर आलं, “नेहमीची दुरुस्ती आहे, मनावर घेऊ नका.” मावशींनी विचारलं, “म्हंजे आमची बोली बरोबर न्हाय?” मी तो शब्द परत घातला, बॉटने परत पुसला. आजही घालतेय. थांबणार न्हाय.