कॅनबेरात पोच मिळत नाही

बाबांना परत पाठवायला अठरा दिवस उरले होते, तेव्हा मी कॅनबेराला जायचं ठरवलं. तिथला ट्युलिपचा बहर बघायला नाही. भर थंडीत कॅनबेराला हौसेने कोणी जात नाही, तिथले लोकच वीकेंडला बाहेर पळतात.

माझे बाबा, वय चौऱ्याहत्तर, चिंचवडला एकटे राहतात. आई गेली, मी एकुलती एक. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरून पडले आणि दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशी येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून होते. त्यांना कायमचं इकडे आणायला मी पेरेंट व्हिसाचा अर्ज केला आहे. किती वर्षं लागतील ते सरकारी साइटवर दिलंय. तो आकडा बाबांच्या वयात मिळवून बघा आणि मग हसायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तोपर्यंत व्हिजिटर व्हिसावर काही महिने यायचं, मुदत संपली की मुकाट्याने देशाबाहेर जायचं.

मग मीच म्हटलं, संसद चार तासांवर आहे, जाऊन सांगू. एक अपॉइंटमेंट सत्ताधारी खासदाराच्या ऑफिसची, एक विरोधी पक्षाच्या. नवरा शिफ्टला, म्हणून मी आणि बाबा दोघंच. बाबा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेत. त्यांनी पत्र स्वतः टाइप केलं आणि प्रत्येकी दोन प्रती काढल्या.

"दुसरी कशाला?" मी विचारलं.

"पोच घ्यायला. सही, शिक्का, तारीख. पोच नाही तर पत्र दिलंच नाही असं समजायचं, सुजे."

टूनगॅबीच्या घरून सकाळी सहाला निघालो. एम सेव्हनला टोल कटतो, पुढे ह्यूम हायवे चकटफू आणि लोण्यासारखा. एका टाकीत जाऊन-येऊन होतं. गोलबर्नला थांबा, टॉयलेट स्वच्छ आहेत, कॉफी सहा डॉलरला आणि बेचव. तिथे काँक्रीटचा तीन मजली मेंढा उभा केलाय. बाबांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हा बांधायला वेळ होता यांना." पुढे लेक जॉर्ज लागतं. ते कधी तळं असतं, कधी नुसतं कुरण. आम्हाला कुरण मिळालं.

मुक्काम गुंगालिनला, प्रसादकडे. प्रसाद माझा वॉलॉंगॉंगच्या युनीतला मित्र. एका घरात सहाजण राहायचो, हा रात्री पेट्रोल पंपावर राबायचा आणि दिवसा लेक्चरला झोपायचा. आता सरकारी खात्यात आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे, घरभर हीटिंग, दारात दोन गाड्या. माणूस चांगला, बायकोने मिसळ केली होती, बाबांना जाड रजई दिली. पण दुसऱ्या पावाला तोंड उघडलंच त्याने.

"खरं सांगू? फारच लोक येतायत यार आता. स्टुडंट तर नुसते लोंढे. कुठेतरी ब्रेक लावायलाच पाहिजे."

"तू कशाने आलास? पुष्पक विमानाने?"

"आपली केस वेगळी होती."

वा रे वा! स्वतः आत शिरला की दाराला कडी. असे प्रसाद आपल्या प्रत्येक गणपतीच्या आरतीला डझनभर सापडतात, पीआरचा कायमचा व्हिसा हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी यांना देश भरलेला दिसायला लागतो. बाबांनी फक्त आणखी तर्री मागितली.

दुसऱ्या दिवशी उणे तीन. गुंगालिनहून लाइट रेलने सिटीत या, पण ती संसदेपर्यंत जात नाही, पुढे बस घ्यावी लागते. इमारत फुकटात बघता येते आणि सिक्युरिटीवाले हसतमुख असतात. त्या दिवसातली खरी माणुसकी मला तिथेच दिसली.

सत्ताधाऱ्यांच्या ऑफिसात तिशीतला एक सहायक भेटला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, दोन्ही पक्ष एकदा एकत्र बसा, हा विषय निवडणुकीच्या भांडणातून बाहेर काढा आणि नियम असा करा की माणसाला जिवंतपणी उत्तर मिळेल. त्याने मान इतकी हलवली की मला तिची काळजी वाटली. "आम्हाला करायचंच आहे हो. पण आम्ही हात लावला की समोरचे लोकांना घाबरवतात." बाबांनी दुसरी प्रत पुढे केली. "सही अँड स्टॅम्प, प्लीज." तो गोंधळला. "सॉरी मेट, आम्ही शिक्के मारत नाही. ईमेल करा, नो वरीज."

विरोधकांकडे मोत्याच्या कुड्या घातलेल्या बाई होत्या. "आमचं सरकार आलं की बघू. हा घोळ त्यांनी घातलाय. आणि तुमच्यासारखी कुटुंबं योग्य मार्गाने आलीत, बिनव्हिशाच्या बोटीतून आलेल्यांसारखी नाही, याची आम्हाला कदर आहे." आणि मी मूर्खासारखी हसले. चक्क थँक यू म्हणाले. शिक्का त्यांच्याकडेही नव्हता.

लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "हे दोन पक्ष नाहीत गं. एका ऑफिसातली दोन टेबलं आहेत. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर."

दुपारी प्रश्नोत्तरांचा तास बघितला. एकजण ओरडला, तुम्ही फार लोक आत घेतले. दुसरा त्याहून जोरात ओरडला, तुम्ही जास्त घेतले होते, आम्ही कमी करून दाखवतोय. अर्धा तास हाच लिलाव. एकमत होत नाही म्हणून कोण रडतंय? एकमत आहे की! माणसं कमी करायची, एवढ्यावर दोन्ही बाकं ठाम आहेत. राग असा आला की गॅलरीतून चप्पल भिरकावावी, पण मी बूट घातले होते, आणि बाबांच्या व्हिसाचा प्रश्न आहे.

बाहेर हिरवळीवर एक माणूस फलक घेऊन उभा होता. रेझा, इराणचा, तरुणपणी आश्रय मागायला बोटीने आलेला. आधी कैदेत ठेवला, मग सोडला, आणि तेव्हापासून थोड्या थोड्या महिन्यांच्या तात्पुरत्या व्हिसावर फरश्या बसवतो. त्याने सहीसाठी कागद पुढे केला. मागणी सोपी होती: आमच्या अर्जांना हो किंवा नाही, काहीतरी उत्तर द्या.

"सॉरी," मी म्हणाले, "आमची केस वेगळी आहे."

शब्द तोंडातून सुटले आणि मला माझीच लाज वाटली. काल रात्री ज्याला हसले, तोच माझ्या तोंडून बोलत होता.

बाबांनी त्याला विचारलं, "फाइल?"

"पेंडिंग."

"मदर, फादर?"

"आई गेली. फोनवर बघितली, दफन करताना." देश सोडला असता तर परत येऊ दिलं नसतं, असं तो म्हणाला. आवाज चढवलाही नाही.

बाबांनी पिशवीतलं थालीपीठ काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "सही कर. मला करता येत नाही, मी पाहुणा आहे." मी सही केली. रांगेतला आणि बोटीतला असा भेद आपल्याला शिकवला जातो आणि आपण शहाणी पोरं तो पाठ करतो. दोघांनाही ताटकळत ठेवणारे हात तेच आहेत.

मग टूनगॅबीला परतलो. आठवडाभराने दोन्ही ऑफिसांचे ईमेल आले: आपल्या भावना पोहोचल्या, विषय गुंतागुंतीचा आहे. नावं झाकली तर कोणतं कोणाचं ते मलाही सांगता येणार नाही. अठराव्या दिवशी बाबा परत गेले.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, रस्ता सुंदर आहे. मला काय मिळालं म्हणाल, तर आता रोज दुपारी साडेबाराला मी ऑफिसातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये जाऊन बसते. चिंचवडला तेव्हा सकाळचे आठ. बाबा फोन बाथरूमबाहेर स्टुलावर ठेवतात, दार नुसतं लोटून घेतात, आणि मी त्यांची आंघोळ ऐकते. नळ, बादली, तांब्या. काल तांब्याचा आवाज थांबला. मी थोडं थांबले. मग "बाबा?" म्हटलं. मग इतक्या जोरात "बाबा!" म्हटलं की काचेपलीकडची टीम उभी राहिली.

"अगं ओरडतेस काय? डोळ्यात साबण गेलाय."

पडले असते तर इथून मी काय करणार होते? याचं उत्तर त्या दोन्ही टेबलांनी एकत्र बसून द्यावं. मी उद्याही साडेबाराला फोनवर आहे.