कमांडर सरांना माहीत नाही

काही माणसांचे किस्से आठवावे लागतात. आमच्या कमांडर सरांचे तसे नाहीत. आम्ही जुने शिक्षक कुठे लग्नाकार्यात भेटलो की पानावर बसायच्या आधीच कोणीतरी सुरू करतं, "अगं, तो दगड चाटायचा सांगितलास का यांना?" मग एकातून दुसरा निघतो आणि आमटी गार होते. मी त्या शाळेची मुख्याध्यापिका. म्हणजे हसायचं काम बाकीच्यांचं, आणि जीव टांगणीला लागायचं काम माझं!

सर मूळचे एडवणचे. नौदलात हेलिकॉप्टर चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक पुण्यात फ्लॅट घेऊन बसले. हे मात्र गावी आले, भूगर्भशास्त्राची पुस्तकं वाचू लागले, आणि पाम गावाजवळच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले.

आता आमच्या जिल्ह्यात अधूनमधून जमीन हलते, हे शेंबडं पोरही सांगेल. डहाणूकडे जास्त, आमच्याकडे भांडी वाजण्यापुरती. पण शाळेची इमारत जुनी. जिन्यापासून वरपर्यंत गेलेली एक भेग, आणि त्याच भिंतीला टेकून सातवीची मुलं बसायची. माझ्या झोपेचं पार खोबरं झालं होतं. सरांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, "मॅडम, काही होत नाही," एवढीच माझी इच्छा. त्या माणसाने ते कधी म्हटलं नाही.

*

पहिल्या दिवशी सर प्रार्थनेच्या आधी आले आणि शाळेला प्रदक्षिणा घालायला लागले. इथे भिंतीला हात लाव, तिथे खांब ठोक, वाकून पाया बघ. आमचे शिपाई जानूमामा धावत माझ्याकडे आले.

"बाई, कोन सायेब शाळा तपासतोय. इकायची हाय का?"

मी बाहेर जाऊन विचारलं. सर म्हणाले, उड्डाणाआधी पायलटने मशीनभोवती फेरी मारायची असते, हाताला सवय लागली आहे. मी म्हटलं, सर, शाळा काही उडत नाही.

"बरोबर आहे, मॅडम. पण त्यात आम्ही चौघं बसायचो. इथे चारशे मुलं बसतात."

झालं! त्या दिवसापासून मी जिना चढताना कठडा धरायला लागले. सरांची फेरी रोज चालू राहिली. गणिताच्या बाईंनी मुलांना सांगून टाकलं की सरांचा नवस आहे.

*

एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या कपबशा वाजल्या. चित्रकलेचे सर हातातल्या वड्यासकट मैदानात पोचले. मला उठताच येईना. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले, जणू खुर्चीच मला वाचवणार होती. सगळं शांत झाल्यावर टेबलाखालून कमांडर सर निघाले. हातात चहाचा कप तसाच.

मी विचारलं, परत धक्का येईल का? म्हणाले, येईल. कधी? माहीत नाही. मोठा येईल का? माहीत नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग एवढं शिकलात कशाला?"

सरांनी शांतपणे घोट घेतला. "आधी नुसतं माहीत नव्हतं, मॅडम. आता का माहीत नाही, ते माहीत आहे."

*

पालकांच्या तक्रारी यायला लागल्या. हा मास्तर पोरांना घाबरवतो, जमीन हलणार म्हणून सांगतो. एक दिवस घिवलीहून एक आजी आली. नात आमच्याकडे सहावीत. आजी मासळी विकून थेट आली होती, टोपली दाराशी ठेवली आणि सरांपुढे उभी राहिली.

"मास्तर, खरं सांगा. धरणी हालनार हाय का नाय?"

मी मागून सरांना डोळ्यांनी खुणावतेय, की अहो, म्हाताऱ्या बाईला जरा धीर द्या. छे! सर म्हणाले, "हलणार, आई. कधी ते मला सांगता येणार नाही."

आजीने मान डोलावली. म्हणाली, "आमचा म्हातारा दर्यात जायचा तवा येतो म्हनायचा. कवा येतो ते कदी सांगला नाय." टोपली उचलली आणि गेली. जाताना सरांना दोन बोंबील देऊन गेली, ते दिवसभर स्टाफरूममध्ये घमघमत होते.

*

सरांच्या मिसेस, त्यांना आम्ही वहिनी म्हणतो, त्यांची वेगळीच कथा. रविवार उजाडला की सर हातोडी घेऊन डोंगरात. तिकडे फोन लागत नाही. वहिनींचा मला फोन, "हे तुमच्या शाळेत आहेत का हो?" रविवारी शाळेत! पण मी नाही म्हटलं की त्यांचा आवाज चिरकायचा. मग त्या तिकडे काळजी करणार, मी इकडे.

एकदा मी समजूत घालायला म्हटलं, अहो, ते समुद्रावर उडत होते तेव्हा तुम्ही एवढी वर्षं काढलीत, आता तर नुसते दगड बघायला जातात.

वहिनी म्हणाल्या, "तेव्हा हे हरवले असते तर शोधायला नेव्ही गेली असती. आता मलाच जायचंय."

*

आता तो दगड चाटायचा किस्सा. सर दगड उचलायचे, फोडायचे आणि जिभेने ओला करायचे. ओला झाला की दगड खरा रंग दाखवतो, असं म्हणायचे. पोरांना काय, तेवढंच हवं होतं. सहल डोंगरावरून परत आली आणि दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन, "बाई, पोरगी घरात पाटा चाटत फिरतेय, काय शिकवता काय तुमी?"

मी सरांना बजावायला निघालेच होते. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी आली आणि सहज म्हणाली, "बाई, डोंगरावरचा दगड अळणी हाय. आपल्या वर्गाची भिंत खारट लागते."

भेगेचीच भिंत! दिवसभर मला काही सुचेना. शाळा सुटली. पोरं गेली. मी सातवीच्या वर्गात गेले, इकडेतिकडे पाहिलं, आणि भिंतीला जीभ लावली.

खारट होती हो. वळले तर दारात जानूमामा, हातात किल्ल्यांचा जुडगा. ते गेले आणि पाण्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ माझ्याशी हळू आवाजात बोलत होता.

सरांना गाठलं. ते म्हणाले, बांधताना समुद्राची वाळू घातली असेल तर आतली सळई गंजते आणि भिंत तडकते. किंवा नुसता खारा वाराही असेल. यातलं कुठलं, मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं.

"पण इंजिनियर तपासून सांगू शकतो, मॅडम. त्याला बोलवा."

*

इंजिनियर बोलवायचा म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांकडे जायचं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पंचक्रोशीत वजन, बोईसरच्या रस्त्याला स्वतःचं मोठं मंगल कार्यालय. मी सरांना घेऊन गेले, तर भाऊ म्हणाले, परीक्षा होऊन जाऊ द्या, मग बघू. सातवीला दुसरी खोली नव्हती. तोवर पोरं तिथेच बसणार होती. वर भाऊ सरांना म्हणाले, "तुम्ही फौजी माणूस. लोक तुमचं ऐकतात. पालकसभेत तेवढं सांगून टाका, इमारत ठणठणीत आहे म्हणून."

मला धड गिळवेना, धड थुंकवेना. सर नाही म्हणाले तर त्यांची नोकरी जाणार. हो म्हणाले तर पोरं त्या भिंतीखाली बसणार. आणि खरं सांगते, त्यांनी हो म्हणावं असं मला आतून वाटत होतं. एक रात्र तरी झोप लागली असती.

सभेत सर माईकपुढे उभे राहिले. "इमारत चांगली आहे का, मला माहीत नाही. भाऊंना खात्री आहे. आमच्याकडे नौदलात जो मशीन पास करायचा, त्याला पहिल्या उड्डाणाला सोबत बसवायचे. भाऊ उद्या दिवसभर सातवीत बसतील."

टाळ्या पडल्या. भाऊंना उठून हात जोडावेच लागले.

दुसऱ्या दिवशी भाऊ कडक इस्त्रीत आले. पोरांसारख्याच चपला दाराबाहेर काढल्या आणि शेवटच्या बाकावर कसेबसे मावले. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मीही शेजारी बसले. सर आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे कसे झाले ते फळ्यावर काढत होते.

तेवढ्यात खिडकीची तावदानं खडखडली. जमीन हलली की बाहेरून कारखान्यांकडे जाणारा ट्रेलर गेला, ते आजवर कोणी ठरवू शकलेलं नाही. सरांनी शिकवल्याप्रमाणे सगळी पोरं बाकाखाली गेली. मीही गेले. खालून बघते तर भाऊ ना बाकावर, ना बाकाखाली!

आम्ही पोरांना ओळीने बाहेर आणलं. भाऊ मैदानाच्या मधोमध उभे होते, अनवाणी. सर परत जिना चढून वर गेले, दारातल्या भाऊंच्या चपला उचलल्या, घेऊन आले आणि वाकून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

भाऊंनी चपला घातल्या. वर सातवीच्या खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, इंजिनियर तपासून जाईपर्यंत पोरं आमच्या मंगल कार्यालयात बसवा. हॉल रिकामाच आहे सध्या."

ऐन लग्नसराई होती.